वाऱ्याची दोरी

२०२२ सालच्या मे महिन्याची १५ तारीख. दिल्लीच्या नैर्ऋत्येस वसलेल्या गुरुग्राम शहरी त्या दिवशी पारा ४८.१ अंश सेल्सिअसवर जाऊन पोहोचला. याहून अधिक तलखी त्या गावाने पूर्वी अनुभवली होती ती १० मे १९६६ रोजी. त्या दिवशीची नोंद ४९ अंशांची आहे. तेव्हा गाव गुडगाव या नावाने ओळखले जाई, पंजाब राज्यातील ते एक जिल्ह्याचे ठिकाण होते, आणि हरियाणा राज्य जन्मास येण्याला अजून जवळजवळ सहा महिन्यांचा अवकाश होता. मधल्या छप्पन वर्षांत त्या गावाभोवतीच्या शेतांवर काचेचे मनोरे उभे राहिले. उन्हाळ्याच्या ऐन भरात अशा एखाद्या मनोऱ्यात पाऊल टाकावे, तर बाहेर लू वाहत असते, दारावरचा पहारेकरी ओला रुमाल मानेवर टाकून उभा असतो, आणि आत खुर्चीखुर्चीच्या पाठीवर शाल नाही तर स्वेटर लटकत असतो. वैशाखात शाल पांघरून हिशेब लिहिणारा माणूस हा आपल्या काळाचा एक चमत्कारच म्हटला पाहिजे. त्याला थंडी वाजते. शेजारच्याला मात्र उकडत असते. आणि खोलीतली हवा बदलण्याचा अधिकार दोघांपैकी एकालाही नसतो.

हा अधिकार एके काळी प्रत्येकाच्या हातात होता, आणि तोही अक्षरशः. माणूस स्वस्थ बसून लिहीत असला तरी त्याच्या देहातून सुमारे शंभर वॅट उष्णता सतत बाहेर पडत असते, म्हणजे जुन्या पद्धतीच्या एका मोठ्या विजेच्या दिव्याइतकी. ही उष्णता जितक्या वेगाने निर्माण होते तितक्याच वेगाने निघून गेली तर जीव सुखावतो. ती साचू लागली की घाम फुटतो, आणि तो घामही वाळेनासा झाला की माणूस हैराण होतो. अंगावरून वाहणारा वारा ही साचलेली ऊब हलवतो आणि घाम वाळवतो. आपल्या पूर्वजांनी यासाठी विंझणा केला. ताडाच्या पानाचा, बांबूच्या पातळ पट्ट्यांचा, नाही तर वाळ्याचा. ज्याला वारा हवा त्याच्याच मुठीत विंझण्याचा दांडा असतो, आणि हवा तेवढाच, हवा तेव्हाच, हव्या त्या बाजूने वारा मिळतो. दुसऱ्याने वारा घालायचा तो आजाऱ्याला, तान्ह्या मुलाला, देवाला किंवा राजाला. चवरी आणि मोर्चेल ही राजचिन्हे ठरली त्यात हाही एक अर्थ असावा, की या पुरुषाला स्वतःचा हात हलवावा लागत नाही.

उत्तरेकडच्या उन्हाळ्याला मात्र नुसता वारा पुरत नाही. आपल्या त्वचेचे तापमान चौतीस-पस्तीस अंशांच्या आसपास असते. बाहेरची हवा त्याहून तापली म्हणजे वारा अंगाची उष्णता नेण्याऐवजी उलट आणून घालू लागतो. लू भाजते ती यामुळे. तेथे पाण्याचे साहाय्य घ्यावे लागते. वाळ्याच्या मुळ्यांची ताटी दाराला लावावी, तिच्यावर पाणी शिंपीत राहावे, आणि कोरडा वारा तिच्यातून आत यावा, म्हणजे पाण्याची वाफ होताना लागणारी उष्णता वाऱ्यातूनच काढून घेतली जाते आणि खोलीत गार, सुगंधी हवा खेळू लागते. अबुल फझलने ‘आईन-इ-अकबरी’त वाळ्याच्या अशा गारव्याची नोंद केली असून त्याचे श्रेय आपल्या बादशहाच्या कल्पकतेला दिले आहे. दरबारी इतिहासकाराने ते आणखी कोणाला द्यावे! या युक्तीची एक मर्यादा आहे. ती ज्येष्ठात चालते, आषाढात चालत नाही. पावसाळी हवा आधीच पाण्याने भरलेली असल्याने ताटीवरचे पाणी वाळत नाही, आणि माणसाला पुन्हा निव्वळ वाऱ्याच्या हालचालीवर विसंबावे लागते. दिल्ली-गुडगावच्या मुलखात हे दोन्ही ऋतू एकापाठोपाठ येतात, तिसरी पुन्हा कडाक्याची थंडी असतेच. जून ते सप्टेंबर जे चालते ते मे महिन्यात चालत नाही, ही गोष्ट पुढे यंत्रवाले विसरले.

३० डिसेंबर १८०३ रोजी विदर्भातील सुर्जी-अंजनगाव येथे दौलतराव शिंदे यांचा इंग्रजांशी तह झाला. शिंद्यांच्या हातून दिल्लीभोवतालचा जो मुलूख त्या वेळी गेला त्यात गुडगावचा परगणाही होता. नव्या राज्यकर्त्यांनी आपल्याबरोबर एक नव्या प्रकारची कचेरी आणली. बैठक जाऊन तेथे मेज आणि खुर्ची आली, आणि ऋतू कोणताही असो, दहाच्या ठोक्याला हजर होऊन संध्याकाळपर्यंत एका जागी बसण्याचा शिरस्ता आला. जुना कारभारी उन्हाळ्यात सकाळी लवकर काम उरकी, दुपारी तळघरात किंवा अंधाऱ्या माजघरात विसावे आणि रात्री गच्चीवर जाई. उन्हाबरोबर घरातल्या घरात त्याचे स्थलांतर चाले. घड्याळाच्या कचेरीला हे परवडणारे नव्हते. माणूस हलत नाही, तेव्हा हवा हलवली पाहिजे, म्हणून छताचा पंखा आला.

अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याच्या गोऱ्या वस्तीत रूढ झालेला हा पंखा म्हणजे एक लांब लाकडी चौकट, तिच्यावर ताणलेले कापड आणि खाली झालर. चौकटीला बांधलेली दोरी भिंतीच्या भोकातून, कप्पीवरून, बाहेरच्या पडवीत जाई. तेथे उकिडवा बसलेला किंवा आडवा झालेला माणूस ती तासन् तास ओढी. हात दुखून आले की दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून पाय हलवीत राही. आत कागद उडू नयेत म्हणून मेजावर काचेची वजने ठेवण्याची पद्धत पडली. पंखा गेला, वजने अजून पुष्कळ कचेऱ्यांत टिकून आहेत. याच सुमारास वाळ्याची ताटी आणि हाताने फिरवायचे मोठे चाक एका पेटीत बसवून ‘थर्मँटिडोट’ नावाचे अवजड यंत्रही निघाले. फॅनी पार्क्स या इंग्रज बाईने १८३० नंतरच्या आपल्या हिंदुस्थानातील वास्तव्याच्या टिपणांत त्याचे वर्णन केले आहे. पण जिल्ह्याजिल्ह्यांच्या कचेऱ्यांत राज्य चालले ते दोरीच्या पंख्याचेच.

दोरीच्या एका टोकाला वारा होता आणि दुसऱ्या टोकाला घाम. ओढणाऱ्याला स्वतःला त्या वाऱ्यातला कणही मिळत नसे. तो पडवीच्या झळीत असे. दोरी त्याच्या हातात होती, पण ती केव्हा जोराने ओढायची, केव्हा हळू, हे ठरविणारा आत होता. मेजाच्या आड बसलेल्या कारकुनाला वारा लागे तो साहेबाच्या वाऱ्याचा उरलासुरला भाग म्हणून. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली देवास येथील मराठी संस्थानिकाचा, थोरल्या पातीच्या पवार महाराजांचा, खाजगी चिटणीस होता. १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कादंबरीत न्यायालयाचा प्रसंग रंगविताना त्याने सर्वांआधी नजर वळवली ती पंखा ओढणाऱ्या माणसाकडे. ज्याच्या हातावर सगळ्या खोलीचा श्वास चालला आहे, त्यालाच त्या खटल्याचा गंध नाही, हे त्याने अचूक हेरले होते. देवासच्या उन्हाळ्याने त्याला एवढे शिकवले असल्यास नवल नाही.

याच वर्षांत गुडगाव जिल्ह्यात हवेची एक निराळीच मोहीम चालू होती. फ्रँक लुगार्ड ब्रेन हा सनदी अधिकारी १९२० पासून १९२७ पर्यंत तेथे डेप्युटी कमिशनर होता. ग्रामसुधारणेचा त्याला ध्यास होता, आणि ‘गुडगावचा प्रयोग’ या नावाने त्याची कामगिरी पुढे देशभर गाजली. शेणखतासाठी खोल खड्डे, लोखंडी नांगर, मच्छरदाण्या, मुलींना शाळेत घालणे, दागिन्यांवरचा खर्च कमी करणे अशी त्याची मोठी यादी होती. १९२५ साली त्याने गुडगाव येथे ग्रामीण अर्थकारणाची एक शाळाही काढली. या यादीत एक कलम खिडकीचे होते. खेड्यातील मातीच्या घरांना दार तेवढे असे; धुराला वाट नाही, उजेडाला वाट नाही, वाऱ्याला वाट नाही. ब्रेन घोड्यावरून गावोगाव हिंडे आणि भिंतीला खिडकी पाडा म्हणून लोकांच्या मागे लागे. चुलीच्या धुराने डोळे आणि छाती बिघडतात हे त्याचे म्हणणे पूर्णपणे खरे होते.

आणि तरीही त्या बंद भिंतीत एक शहाणपण होते. जाड मातीची भिंत दुपारचे ऊन रात्रीपर्यंत आत येऊ देत नाही. लू आणि धूळ बाहेर राहते. माघातला गारठा बाहेर राहतो. चोरालाही हात घालायला जागा राहत नाही. ब्रेनने त्या घराकडे फुप्फुसाच्या बाजूने पाहिले, घरमालकाने कातडीच्या बाजूने. श्वासाला मोकळी हवा पाहिजे आणि अंगाला बंद भिंत पाहिजे, हा तंटा पुढे शंभर वर्षांनी त्याच जिल्ह्यात काचेच्या मनोऱ्यांत पुन्हा उभा राहणार होता. ब्रेनची बदली झाल्यावर त्याच्या सुधारणांपैकी फारच थोड्या टिकल्या. साहेबाच्या हुकमाने पाडलेल्या खिडक्या साहेबाबरोबर गेल्या, असे म्हणावयास हरकत नाही. त्याने १९२९ साली हिंदी खेड्याच्या पुनर्रचनेवर एक पुस्तक लिहिले, त्यात कळकळ ओतप्रोत आहे. गावकऱ्याला विचारून घेण्याची सवय मात्र त्या मानाने कमी दिसते.

कचेरीतली पंख्याची दोरी तुटली ती विजेमुळे. कलकत्त्यात १८९९ साली आणि मुंबईत १९०५ साली सार्वजनिक वीजपुरवठा सुरू झाला आणि छताला पात्यांचा पंखा फिरू लागला. पंखा ओढणाऱ्याची नोकरी हळूहळू गेली. भिंतीवर त्याच्या जागी एक गोल बटन आले आणि एक ते पाच आकडे आले. मराठी कारकुनांच्या कित्येक पिढ्यांचे निम्मे भांडण या आकड्यांवर झाले आहे. पंख्याखाली बसणाऱ्याला तो तीनवर हवा, कोपऱ्यातल्याला पाचवर. पडशाने बेजार झालेला रावसाहेब तो बंदच करा म्हणतो. पण भांडण होई याचाच अर्थ असा, की बटन हाताशी होते आणि ते फिरवण्याविषयी बोलायला माणूस समोर होता.

वातानुकूलनाचा उगम मात्र माणसाच्या सुखासाठी झालेला नाही, ही गोष्ट मुंबईकरांनी विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. १९०२ साली विलिस कॅरिअर या तरुण अमेरिकन अभियंत्याने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यासाठी पहिली योजना आखली, ती कागद दमट होऊन रंगांची छपाई सरकत होती म्हणून. ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द रूढ केला स्टुअर्ट क्रेमर याने, १९०६ साली. तो कापडगिरण्यांचा माणूस होता आणि त्याला सुताची काळजी होती. कोरड्या हवेत सूत तुटते, दमट हवेत ते तग धरते. मुंबईच्या गिरणगावात ही विद्या पुस्तकाविना सर्वांना ठाऊक होती. साचेखात्यात हवा मुद्दाम ओलसर ठेवीत आणि वारा शिरू नये म्हणून खिडक्या बंद ठेवीत. बाहेर मुंबईचा वैशाख, आत वाफेने भरलेली हवा, त्यात शेकडो मागांची धडधड आणि उडणारे तंतू. धाग्याला जी हवा मानवते ती माणसाला मानवत नाही, आणि जेथे दोघांपैकी एकाचेच ऐकायचे होते तेथे गिरणीने धाग्याचे ऐकले. घाम वाळत नाही अशा हवेत रत्नागिरी-साताऱ्याकडून आलेल्या साचेवाल्याने दहा-दहा तास उभे राहून काढले. १९४८ च्या कारखाने कायद्यात मोकळी हवा आणि सुसह्य तापमान यांविषयी एक कलम, आणि कृत्रिम ओलाव्याविषयी आणखी एक स्वतंत्र कलम घालावे लागले, त्यामागे हा सगळा घाम होता. कचेरीतला कारकून त्या कायद्याच्या कक्षेत येत नव्हता. त्याच्या मेजाजवळची हवा मोजण्याची गरज कोणाला वाटली नव्हती.

मुंबईत थंड हवा प्रथम लोकांच्या परिचयाची झाली ती करमणुकीच्या वाटेने. १९३३ साली उघडलेल्या रीगल चित्रपटगृहात तिकिटाच्या पैशांत दोन-तीन तासांचा गारवाही मिळे. १९४३ साली ब्ल्यू स्टार आणि १९५४ साली व्होल्टास या कंपन्या मुंबईतच निघाल्या, आणि ही यंत्रे पेढ्या, बँका, इस्पितळे यांत शिरू लागली. आरंभी खिडकीत बसणारी पेटी होती. तिलाही खटके होते. पुढे साऱ्या इमारतीला एकच यंत्र आले, हवा नळांतून खेळू लागली, आणि बटन कोठे तरी तळघरात गेले.

पण सर्वांसाठी एकच हवा म्हणजे नेमकी कोणती? येथे शास्त्राला विचारणे भाग पडले. १९४१ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी कपड्यांची ऊब मोजण्यासाठी ‘क्लो’ हे एकक ठरवले. एक क्लो म्हणजे साधारणतः पुरुषाच्या पुऱ्या सुटाची ऊब. डेन्मार्कचे प्राध्यापक ओले फँगर यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हवेचे तापमान, भिंतींची धग, वाऱ्याचा वेग, आर्द्रता, कपडे आणि काम या सहा गोष्टींचे एक समीकरण मांडले. त्यावरून खोलीतले लोक सरासरीने किती सुखी असतील हे सांगता येऊ लागले. हे समीकरण जगभरच्या इमारतींचे पंचांग होऊन बसले. त्याची उभारणी प्रामुख्याने डेन्मार्क आणि अमेरिकेतील महाविद्यालयीन तरुणांवर केलेल्या प्रयोगांतून झाली होती. शिवाय त्या समीकरणातच एक प्रांजळ कबुली आहे. हवा कितीही अचूक साधली तरी शंभरांतील पाच जण असमाधानी राहणारच, असे ते गणित सांगते. प्रत्यक्षात ऐंशी टक्के लोक संतुष्ट झाले की प्रमाण ग्रंथ काम फत्ते मानतात. उरलेल्या वीसांनी शाल आणावी! २०१५ साली नेदरलँड्समधील दोन संशोधकांनी दाखवून दिले, की या हिशेबात धरलेली देहाची ऊब पुरुषाच्या मापाची असून स्त्रियांच्या बाबतीत ती पस्तीस टक्क्यांपर्यंत जास्त धरली जाऊ शकते. शाली कोणाच्या खुर्च्यांवर अधिक दिसतात याचे उत्तर त्यात काही अंशी मिळते.

आपल्याकडच्या माणसांचे म्हणणे निराळे पडते, हे फार पूर्वीच ध्यानात आले होते. रुरकीच्या लोकांकडून उन्हाळ्यात घेतलेल्या नोंदींचा अभ्यास फर्गस निकोल यांनी १९७४ साली प्रसिद्ध केला. पंखा चालू असेल तर तिशी ओलांडलेल्या तापमानातही तेथील माणसे आपले काम सुखाने करीत होती. रुरकीच्याच केंद्रीय इमारत संशोधन संस्थेतील शर्मा आणि अली यांनी १९८६ साली उष्ण देशांतील उन्हाळ्यासाठी एक स्वतंत्र निर्देशांक बांधला. ही सगळी विद्या गुडगावपासून दीडशे-दोनशे किलोमीटरांवर तयार होत होती.

आणि गुडगावात याच काळात बांधकामाची घाई उडाली होती. १९८३ च्या डिसेंबरात मारुतीची पहिली मोटार तेथील कारखान्यातून बाहेर पडली. १९९७ साली एका मोठ्या अमेरिकन कंपनीने आपले कागदी काम समुद्रापलीकडून करून घेण्याचे केंद्र तेथे उघडले. मग एकामागून एक कंपन्या आल्या. त्यांच्याबरोबर पुण्या-नागपूरकडची शिकलेली मुलेही आली. इमारतींचा नमुना मात्र शिकागो-न्यूयॉर्ककडचा आला. थंड देशात काच ऊन आत घेते म्हणून ती हवीशी असते. अठ्ठेचाळीस अंशांच्या मुलखात तीच काच ऊन आत कोंडते. कोंडलेले ऊन बाहेर काढायला मोठे यंत्र, यंत्राची थंडी निसटू नये म्हणून खिडक्या कायमच्या बंद. ब्रेनने ज्या जिल्ह्यात भिंती फोडून खिडक्या पाडल्या त्याच जिल्ह्यात भिंतीची सगळीच खिडकी झाली आणि तिला उघडण्याची सोय उरली नाही. मातीच्या भिंतीचा गारवा गेला, आणि खिडकीचा वारा आला नाही. दसरा-दिवाळीनंतर त्या भागावर धुराचे जे सावट पसरते त्यामुळे खिडकी उघडती ठेवून तरी काय साधले असते, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. तो हवा गाळून घेण्याने सुटतो. बटन हिरावून घेण्याने नव्हे.

त्याच तालुक्यात याच काळात एक वेगळा प्रयोग झाला, त्याची आठवण येथे केली पाहिजे. अरवलीच्या पायथ्याशी ग्वाल पहाडी या ठिकाणी टेरी या ऊर्जा-संशोधन संस्थेने २००० साली आपले निवासी प्रशिक्षण केंद्र बांधून पुरे केले. जमिनीखाली चार मीटरांवर ऋतूंचा जोर पोहोचत नाही. तेथे वर्षभर सव्वीस अंशांच्या आसपास तापमान राहते. त्या खोलीवर सत्तर-सत्तर मीटर लांबीचे चार बोगदे घालून बाहेरची हवा त्यांतून फिरवून खोल्यांत सोडली. ती उन्हाळ्यात निवते आणि हिवाळ्यात कोमट होते. छतावरच्या धुराड्यांतून तापलेली हवा आपोआप वर निघून जाते. तळघरात दुपार काढणाऱ्या जुन्या दिल्लीकराला यात अपरिचित असे काही वाटले नसते. पावसाळ्यात या युक्तीलाही ओलाव्यापुढे हात टेकावे लागतात, हे तिच्या कर्त्यांना ठाऊक होते. मनोरे बांधणाऱ्यांनी तिकडे फारसे पाहिले नाही. भाड्याने द्यायच्या इमारतीचे विजेचे बिल बांधणारा भरत नाही, भाडेकरू भरतो, हे त्याचे साधे कारण दिसते.

२०१६ साली अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी भारतीय कचेऱ्यांचे एक मोठे सर्वेक्षण प्रसिद्ध केले. अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, दिल्ली आणि सिमला या पाच शहरांतील सोळा इमारतींत, तीन ऋतूंत, ६,३३० उत्तरे त्यांनी जमा केली. खिडक्या उघडता येणाऱ्या इमारतींत लोकांना सुखकर वाटणारे तापमान ऋतूप्रमाणे १९.६ पासून २८.५ अंशांपर्यंत सरकत जाते, असे त्यांना आढळले. माणूस बाहेरच्या ऋतूशी जुळवून घेतो, मात्र पंखा, खिडकी आणि कपडे यांवर त्याचा ताबा असला पाहिजे. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय इमारत संहितेत हा विचार दाखल झाला. १ जानेवारी २०२० पासून तारांकित वातानुकूलन यंत्रे कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून देण्याचा नियम झाला. एक अंश वर सरकवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा त्यामागचा सरकारी हिशेब आहे.

फँगर यांचे पुढे काय झाले, हे या कथेतले सर्वांत मनोज्ञ प्रकरण म्हणावे लागेल. सर्वांसाठी एक समीकरण देणारा हा माणूस उतारवयात त्याच्या उलट दिशेने चालू लागला. त्यांनी साधा हिशेब मांडला. कचेरीत माणशी दर सेकंदाला सुमारे दहा लिटर ताजी हवा सोडली जाते. माणूस त्यातली दशांश लिटर, म्हणजे शंभरांत एक भाग, श्वासाबरोबर घेतो. बाकीची नव्याण्णव भाग हवा कपाटांना, छताला आणि रिकाम्या खुर्च्यांना मिळते. माणसापर्यंत जी पोहोचते तीही वाटेत इतरांच्या श्वासातून आणि गालिच्याच्या धुळीतून आलेली. त्यापेक्षा थोडी पण स्वच्छ हवा ज्याच्या त्याच्या नाकापुढे, ज्याच्या त्याच्या इच्छेप्रमाणे का देऊ नये? मेजावर एक वळवता येणारी लहान नळी, तिच्या तोंडाशी छिद्रांची जाळी, आणि हवेचा वेग कमी-जास्त करायला हाताशी खटका, असा या वैयक्तिक वायुवीजनाचा नमुना डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठात तयार झाला. सिंगापूरच्या दमट हवेतही त्याच्या चाचण्या झाल्या. खोली थोडी उबदार ठेवली तरी चेहऱ्यावर गार, ताजी हवा लागल्याने लोक संतुष्ट राहतात, असा अनुभव आला. अमेरिकेत विस्कॉन्सिन प्रांतातील वेस्ट बेंड येथे एका विमा कंपनीने याआधीच, १९९१ साली, आपल्या नव्या इमारतीत मेजामेजाला अशी साधने बसवली होती. पायाशी ऊब देणारा पत्रा, समोर वाऱ्याची दोन तोंडे, आणि सगळ्यांचे खटके त्या त्या कारकुनाच्या हाताशी. फँगर २००६ साली वारले. त्यांचे समीकरण जगभर राहिले; त्यांची नळी प्रयोगशाळांच्या बाहेर फारशी पडली नाही. नळ मेजापर्यंत न्यायचा तर मेज एका जागी राहिले पाहिजे. गुरुग्रामच्या कचेऱ्यांत मेज महिन्या-दोन महिन्यांनी हलते, आणि पाळ्यांच्या कामात तर एका खुर्चीवर दिवसातून दोघे-तिघे बसतात.

२०२० च्या जानेवारीत चीनमधील ग्वांगझो शहरी खिडकी नसलेल्या एका उपाहारगृहात शेजारशेजारच्या तीन मेजांवरील तीन कुटुंबांतील दहा माणसांना करोनाची बाधा झाली. वातानुकूलन यंत्राचा वारा एका मेजावरून दुसऱ्या मेजावर फिरत होता. मग जगभर सामायिक हवेचा विचार सुरू झाला. भारतातील वातानुकूलन अभियंत्यांच्या संघटनेने त्या एप्रिलमध्ये दिलेल्या सल्ल्यात खोल्या २४ ते ३० अंशांत ठेवाव्या, पंखे चालू करावे आणि खिडक्या थोड्या उघड्या ठेवाव्या असे सुचवले. गुरुग्रामच्या मनोऱ्यांत यातले उघडायचे काय, हाच पेच होता. कचेऱ्या रिकाम्या झाल्या. माणसे आपापल्या घरी, चिंचवडच्या खोलीत किंवा अकोल्याच्या माजघरात, छताच्या पंख्याखाली बसून तेच काम करू लागली. तेथे बटन पुन्हा हाताशी आले, आणि त्यावरून घरातल्यांशी भांडणेही.

आता मनोरे पुन्हा भरले आहेत. भिंतीवरच्या तापमानाच्या पेटीला पुष्कळ ठिकाणी पारदर्शक झाकण आणि कुलूप असते, कारण येणारा-जाणारा ती फिरवतो अशी व्यवस्थापकाची तक्रार असते. त्यावर उपाय माणसांनी आपला आपण शोधला आहे. संगणकाच्या बाजूला वीतभर उंचीचा प्लास्टिकचा पंखा, संगणकाच्याच विजेवर चालणारा. ज्याला थंडी वाजते त्याची शाल. दोघेही त्याच हवेत, शेजारी शेजारी. इमारतीच्या मागच्या अंगाला आणि गच्चीवर मोठी यंत्रे आतली उष्णता उपसून बाहेर फेकीत असतात, आणि बाहेरच्या फाटकाशी पहारेकरी हजेरीच्या वहीचा सुटलेला पुठ्ठा हातात धरून स्वतःला वारा घालीत उभा असतो.